हॉकीचा ग्लोव्ह घातला तरी हात सोलतोय? आधी दोष शोधा, मग पैसे घाला

दर मोसमाला तीच तक्रार येते. शालेय स्पर्धा जवळ आल्या, मुरमाच्या मैदानावर खेळणारी पोरं टर्फवर सरावाला येऊ लागली, की कुणाच्या ना कुणाच्या डाव्या हाताची बोटं सोललेली दिसतात. घरचे ग्लोव्ह आणून देतात. मग दुसरी तक्रार सुरू होते: "सर, ग्लोव्ह घातला की बॉल कळतच नाही." ग्लोव्ह किटबॅगच्या तळाशी जातो, बोटं पुन्हा सोलतात. पुढच्या मोसमात त्याहून महाग ग्लोव्ह येतो आणि तोही तळाशी जातो.

नवा ग्लोव्ह घेण्याआधी हात नीट बघा. सालटं कुठल्या सांध्यावर निघालीत? फोड बोटांच्या मुळाशी आहे की अंगठ्याच्या बेचक्यात? की हाताला काहीच झालेलं नाही, फक्त स्टिक फिरते? या तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. बऱ्याच वेळा ग्लोव्ह ठीक असतो आणि दोष स्टिकच्या ग्रिपमध्ये, म्हणजे मुठीवर गुंडाळलेल्या पट्टीत सापडतो. ग्रिप ग्लोव्हपेक्षा खूपच स्वस्त पडते.

ज्या पालकांनी हॉकी खेळलेली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. हॉकीत डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. सगळ्यांची स्टिक एकाच बाजूने सपाट, सगळ्यांचा डावा हात वर, स्टिकच्या मुठीच्या टोकाशी आणि उजवा हात खाली. त्यामुळे मैदानी खेळाडूचा नेहमीचा ग्लोव्ह हा डाव्या हाताचा एकच असतो. मुलगी डावखुरी असली तरी तोच. दुकानदाराने जोडी दाखवली तर एक नग मिळतो का ते विचारा. पाकिटावर 'एलएच' (लेफ्ट हँड) असं लिहिलेलं बघा. उजव्या हाताचा ग्लोव्ह केव्हा लागतो ते शेवटी सांगतो.

सालटं निघतात ती नेमकी कुठे?

भारतीय हॉकीचे माजी कर्णधार धनराज पिल्लैंच्या खडकीत आजही एखादे आजोबा कुंपणाशी उभे राहून म्हणतील, "आमच्या वेळी कुठे होते रे ग्लोव्ह?" त्यांचं चूक नाही. ते गवतावर आणि मातीवर खेळले. 1976च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर गेली आणि खेळच खाली वाकला. बॉल सपाट, वेगात येतो, म्हणून अडवताना स्टिक आडवी करून जमिनीला टेकवावी लागते. स्टिक आडवी पडली की तिच्याबरोबर डावी मूठही टेकते. मुठीत वळलेल्या बोटांची पाठ, म्हणजे मोठ्या सांध्यापासून मधल्या सांध्यापर्यंतचा भाग, टर्फवरून घासत जातो. खाली वाकून, स्टिक उलटी करून तिच्या कडेने मारलेल्या रिव्हर्स हिटलाही तेच होतं.

टर्फचा प्रकारही बघायला हवा. पाण्याच्या टर्फवर सामन्याआधी भरपूर पाणी मारतात, त्यामुळे घर्षण कमी होतं. वाळूच्या टर्फमध्ये तंतूंच्या मधे वाळू भरलेली असते, ती त्वचेला कानशीसारखी लागते. आणि पाण्याचं टर्फ एप्रिल-मेच्या दुपारी पाणी न मारता वापरलं तर तेही काही कमी नाही. पिंपरीच्या नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद पॉलिग्रास मैदान असो की चर्चगेटजवळचं महिंद्रा स्टेडियम, सराव कुठल्या वेळेला आहे आणि त्याआधी पाणी मारलेलं असतं का, हे विचारून मग ग्लोव्हची जाडी ठरवा.

आता सोललेल्या हाताकडे या. मुलाला स्टिक धरून खाली वाकवा, स्टिक जमिनीला आडवी टेकवायला सांगा आणि तुम्ही स्वतः खाली बसून बघा. ग्लोव्हचा फोम कुठे संपतो? स्वस्त अर्धबोटी ग्लोव्हमध्ये तो बऱ्याचदा मधल्या सांध्याच्या अलीकडेच संपतो. सरळ हातावर ग्लोव्ह पूर्ण वाटतो, पण मूठ वळली की कापड मागे ओढलं जातं आणि नेमका तोच सांधा उघडा पडतो. जखम बरोबर फोमच्या कडेला लागून असेल तर तुमच्या ग्लोव्हचा दोष हाच. फोम आणखी जाड घेऊन फायदा नाही. मूठ वळल्यावरही मधला सांधा झाकला जाईल असा, थोडा लांब बोटांचा ग्लोव्ह घ्या.

जखम ग्लोव्हच्या आत असेल, म्हणजे फोमखालीच त्वचा लाल होऊन सोलत असेल, तर ग्लोव्ह सैल आहे. टर्फ बाहेरून घासतं आणि सैल फोम आतून घासतो. हे सगळ्यात जास्त दिसतं, आणि त्याचं कारण आपली जुनी सवय. गणवेश, बूट, स्वेटर सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचं. ग्लोव्ह वाढत्या अंगाचा घेऊ नका. दोन मापांच्या मधे हात असेल तर लहान माप घ्या, कारण फोम आणि निओप्रीन घामाने, वापराने सैल होतच जातात. पुढच्या वर्षी लहान झाला तर धाकट्याला द्या. हॉकीच्या घरात धाकटा असतोच.

माप घ्यायला शिंप्याची टेप पुरे. अंगठा सोडून, चार बोटांच्या मोठ्या सांध्यांवरून तळव्याभोवती घेर मोजा. मग मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही आकडे लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीचा 'स्मॉल' आणि 'मीडियम' वेगळा असतो, म्हणून अक्षरावर विसंबू नका, त्या त्या कंपनीचा तक्ता बघा. आणि मोजमाप सरावानंतर घ्या. खेळून झाल्यावर हात किंचित फुगलेला असतो आणि ग्लोव्ह घालायचा असतो तो त्याच हातावर.

"ग्लोव्ह घातला की बॉल कळत नाही"

ही तक्रार मोठी माणसं नखरा समजून सोडून देतात. ती खरी असते. इंडियन ड्रिबलमध्ये, म्हणजे बॉल डावी-उजवीकडे नाचवत पुढे नेताना, स्टिक फिरवतो तो डावा हात. उजवी मूठ सैल, नुसती नळीसारखी, तिच्यातून स्टिक फिरत राहते. म्हणजे बॉल कुठल्या बाजूला आहे, स्टिकचा चेहरा किती वळला, हे सगळं डाव्या तळव्याला कळत असतं. त्याच तळव्यावर तुम्ही दोन थर कृत्रिम चामडं चढवलं, तर पोराला बॉल कळणार कसा?

म्हणून मी सरसकट उघड्या तळव्याचा ग्लोव्ह सुचवतो. त्यात बोटांच्या पाठीवर फोम किंवा कडक कवच असतं आणि तळव्याकडे फक्त इलास्टिकच्या पट्ट्या. कातडी थेट ग्रिपला लागते. कवचाच्या ग्लोव्हला दुकानात 'शेल' म्हणतात. बचाव फळीतल्या आणि मधल्या फळीतल्या खेळाडूला, जो दिवसभर आडव्या स्टिकने बॉल अडवतो, त्याला शेल उपयोगी पडतो. फॉरवर्डला बहुधा फोमचा अर्धबोटी पुरतो. बारा वर्षांखालच्या मुलाला शेल देण्याची घाई नको. कवच कडक असतं, लहान बोटं त्यात नीट वळत नाहीत, आणि मूठ अर्धवट मिटली तर स्टिक धरायची सवयच बिघडते.

पूर्ण बंद तळव्याचा ग्लोव्ह वाईट असतो असं नाही. थंडीत पहाटे साडेसहाला सराव असेल, हाताला फार घाम येत असेल किंवा इनडोअर खेळत असाल तर तो चालतो. इनडोअरमध्ये हिट मारायला परवानगी नाही, फक्त पुश, म्हणजे बॉल स्टिकने ढकलायचा. खेळाडू सतत खाली, स्टिक सतत जमिनीलगत, म्हणून तिथे पूर्ण बोटांचा जाड ग्लोव्ह घालतात. पण तो जाड ग्लोव्ह घेऊन मैदानी हॉकीत उतरलात तर मुठीचा घेर वाढतो. त्यावर उपाय ग्लोव्ह बदलणं नाही, ग्रिप पातळ करणं हा आहे.

ग्रिप! यावर थोडं थांबू या, कारण इथेच सगळी गडबड असते.

स्टिक नवी आली की तिच्यावर कंपनीची ग्रिप असते. पोरं तिच्यावर दुसरी चढवतात, मऊ वाटावं म्हणून. मग घाम येतो म्हणून वर टॉवेल ग्रिप. आता ती मूठ धरायला हात पूर्ण वळत नाही. त्यावर ग्लोव्ह घातला की बोटांची टोकं तळव्याला टेकतही नाहीत. स्टिक घट्ट धरण्यासाठी मुलगा जोर लावतो, पंजा आखडतो, पंधरा मिनिटांत मनगट दुखतं, आणि घरी जाऊन तो सांगतो की ग्लोव्ह टोचतो. तपासायची रीत सोपी आहे: ग्लोव्ह घालून डाव्या हाताने स्टिक नेहमीसारखी धरायला सांगा. मधल्या आणि अनामिकेच्या टोकांमध्ये आणि तळव्याच्या मांसल भागामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट जाईल एवढी फट राहत असेल तर स्टिकची मूठ जाड आहे. जुने सगळे थर सोलून काढा, उघड्या मुठीवर एकच ग्रिप गुंडाळा, वेढे एकमेकांवर अगदी थोडे चढवा. खाली चिकटपट्टी लावा. बहुतेक वेळा तोच जुना ग्लोव्ह दुसऱ्या दिवशी 'आवडायला' लागतो.

ग्रिपचा प्रकार हवामान बघून. शॅमॉय प्रकारची (मऊ चामड्यासारखी) ग्रिप किंचित ओलसर असली की चांगली धरते. ती पूर्ण वाळून धुळीने माखली की गुळगुळीत होते. तेव्हा ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, लगेच फरक कळतो. टॉवेल ग्रिप घाम शोषते पण जाड असते, आणि भिजून जड झाली की तिचे वेढे सरकतात. मुंबईच्या दमट हवेत खेळणाऱ्यांना टॉवेल ग्रिप आवडते, तर ती त्यांनी वापरावी, पण मग ग्लोव्ह उघड्या तळव्याचाच घ्यावा. दोन्हीकडे जाडी चालणार नाही.

फोड येतात

सालटं हाताच्या पाठीवर, फोड आतल्या बाजूला. फोडांचं कारण ओल आणि घासणं, दोन्ही एकत्र. अनामिका आणि करंगळीच्या मुळाशी फोड असतील तर ते ग्रिपचे. नवी स्टिक, नवी ग्रिप, सुट्टीनंतरचा पहिला आठवडा, यात ते येतातच. हळूहळू घट्टे पडतात आणि त्रास थांबतो.

अंगठ्याच्या बेचक्यात फोड असेल तर संशय ग्लोव्हच्या शिवणीवर घ्या. ग्लोव्ह उलटा करा आणि बोट फिरवा. बेचक्यात दोन-तीन तुकडे एकत्र शिवलेले असतात, तिथे जाड गाठ किंवा नायलॉनच्या दोऱ्याचं कडक टोक हाताला लागेल. नखकात्रीने टोक कापा, पण शिवण उसवू नका. गाठ मोठी असेल तर ग्लोव्ह घालण्याआधी बेचक्यात कापडी चिकटपट्टीचा एक तुकडा त्वचेला लावा. दोन सरावांत आराम पडला नाही तर तो ग्लोव्ह त्या हाताचा नाही, फोम कितीही चांगला असो. नवा ग्लोव्ह घेताना म्हणूनच आत बोट घालून ही एक जागा चाचपावी. बाहेरचे रंग आणि मोठी अक्षरं बघून ग्लोव्ह घेणारेच जास्त असतात.

उघड्या जखमेवर ग्लोव्ह थेट चढवू नका. आत घाम आणि जुनी घाण असते. जखम साबण-पाण्याने धुवा, वाळूचे कण राहिले तर काढा, न चिकटणारी पट्टी लावा, मग ग्लोव्ह. धनुर्वाताची लस वेळेवर झालेली आहे का तेही बघून ठेवा. आणि बॉल लागून बोट सुजलं, वाकडं दिसलं किंवा टोक सरळ होत नसेल तर मैदानावर ते ओढून 'बसवण्याचा' उद्योग कुणालाही करू देऊ नका. हॉकीचा बॉल 156 ते 163 ग्रॅमचा, टणक. त्याने हाड मोडू शकतं. एक्स-रे काढा.

बोटांना मुंग्या येतात ही वेगळी तक्रार. मनगटाची वेल्क्रो पट्टी करकचून आवळलेली असते, बहुधा ग्लोव्ह सैल आहे म्हणून. पट्टी फक्त ग्लोव्ह जागेवर ठेवण्यापुरती. ती आवळून माप लहान होत नाही. पट्टी सैल करूनही मुंग्या थांबल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवा.

ऑनलाइन मागवलेला भलताच निघाला

मोबाइलवर 'हॉकी ग्लोव्हज' शोधलं की समोर येतात ते बऱ्याचदा आइस हॉकीचे. मोठे, गुबगुबीत, दोन हातांचे, मनगटाच्या वरपर्यंत. ओळखायची खूण म्हणजे माप इंचांत असतं: लहान मुलांचे 8-9 इंच, मोठ्यांचे 13 ते 15. टोरांटोला राहणारा तुमचा भाऊ पुतण्यासाठी प्रेमाने पाठवेल तर तेच पाठवेल, कारण तिथे हॉकी म्हणजे बर्फावरचीच. त्याला फोटो पाठवून सांगा की डाव्या हाताचा 'फील्ड हॉकी'चा हवा. आपल्याकडे आइस हॉकीचा ग्लोव्ह नुसता गैरसोयीचा नाही, नियमातही बसत नाही. मैदानी खेळाडूचा ग्लोव्ह तळवा वर करून सपाट ठेवला तर न दाबता 29 सेंटिमीटर लांब, 18 रुंद आणि 11 खोल अशा खोक्यात मावला पाहिजे. 15 इंच म्हणजे 38 सेंटिमीटर. पंच खोकं काढणारही नाहीत, नुसतं बघून बाहेर पाठवतील.

दुसरा घोळ क्रिकेटचा. घरात बॅटिंग ग्लोव्ह पडलेले असतात, त्यातला डावा घालून पोरं येतात. बॅटिंग ग्लोव्ह समोरून येणाऱ्या बॉलसाठी बनवलेला आहे. बोटांवरचे जाड गोळे वळलेल्या मुठीला टर्फवर नीट टेकू देत नाहीत, कडा अडकतात आणि मूठ उलट वर उचलली जाते. बॉल स्टिकखालून जातो. सायकलचे ग्लोव्ह उलट्या टोकाचे: फोम तळव्यात, पाठ उघडी.

खरेदी शक्यतो दुकानात, हातात घालून करा. मुंबईत धोबी तलावाच्या भागात खेळाच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. पुण्यात आणि इतर शहरांत क्रिकेटच्या पसाऱ्यात हॉकीचं सामान मागे कुठेतरी असतं, मागून घ्यावं लागतं. स्वतःची स्टिक बरोबर न्या. ग्लोव्ह घालून दुकानातच ड्रिबलसारखं मनगट फिरवा. मनगटावरची कड रुततेय का? मूठ वळल्यावर फोम मोठ्या सांध्यावरून उचलला जाऊन मधे पोकळी होतेय का? अंगठा सगळीकडे फिरतोय का? अंगठा अडकला तर बाकी काही बघायची गरज नाही, परत ठेवा. ऑनलाइनच घ्यायचा असेल तर परत करता येईल असाच घ्या आणि पहिली तपासणी घरात, गालिच्यावर करा. टर्फवर एकदा घासला की परत कोण घेणार?

किमतीबद्दल. जालंधर हे आपल्याकडचं हॉकीच्या सामानाचं मोठं केंद्र, तिथे बनलेला फोमचा अर्धबोटी ग्लोव्ह काही शे रुपयांत मिळतो. शेल त्याहून बराच महाग. परदेशी नावाचा काही हजारांत जातो. सतरा-अठरा वर्षांखालच्या खेळाडूला हजारांतला ग्लोव्ह घेऊन काही साधत नाही. ग्लोव्ह ही झिजण्यासाठीच असलेली वस्तू आहे, आणि वाळूच्या टर्फवर महाग कापडही झिजतंच. माझा हिशेब असा: पैसे दोनच गोष्टींना द्यावेत, बोटांच्या बाजूची दुहेरी शिवण आणि चांगली वेल्क्रो. फोमची जाडी, नक्षी, आत 'जेल' असल्याची जाहिरात, याला जास्तीचे पैसे नकोत. ग्लोव्ह मरतो तो फोम दबून नव्हे, बहुतेक वेळा करंगळीच्या बाजूची शिवण टर्फवर घासून उसवल्यामुळे.

दोन महिन्यांत फाटला, वास मारतो, कडक झाला

उसवायला सुरुवात झाली की लगेच बॅगा शिवणाऱ्याकडे न्या. नायलॉनच्या दोऱ्याने पाच मिनिटांचं काम आहे. छिद्र मोठं होऊन फोम बाहेर आला की तो शिवूनही राहत नाही. तळव्याचं इलास्टिक ढिलं पडलं तर कुठलाही शिंपी बदलून देतो. वेल्क्रो चिकटत नसेल तर ती फेकू नका, आधी जुन्या टूथब्रशने तिच्यातले केस, धागे आणि टर्फचे तंतू काढा. बरेचदा तेवढ्याने भागतं.

कडक होण्याचं कारण एकच: भिजलेला ग्लोव्ह गच्चीवर उन्हात किंवा गॅसच्या शेगडीजवळ वाळवला. कृत्रिम चामडं तडकतं, फोम ताठरतो. थंड पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सावलीत पंख्याखाली टांगा. धुताना वेल्क्रो बंद ठेवा, नाहीतर तीच कापडाला ओरबाडते. पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाही, तेव्हा आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ओले झाले की बदला. कुबट वास हा घाम आणि ओल बंद किटबॅगेत राहिल्याचा असतो. वर अत्तर-डिओ मारून तो जात नाही, नुसता मिसळतो, आणि मग सगळ्या संघाला सोसावा लागतो. सरावानंतर ग्लोव्ह बॅगेच्या बाहेर लटकवून घरी आणायचा, एवढी सवय लावली तरी पुरे.

उजव्या हाताचं काय?

रोजच्या खेळात उजवा हात उघडाच बरा. थंडीत पातळ लोकरीचा किंवा कापडी हातमोजा चालतो. खरी गरज पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला गोलजवळ मिळणारी संधी, अडवताना. कडेच्या रेषेवरून बॉल आत ढकलला (इंजेक्शन) की जो पहिला धावत सुटतो, त्याची मूठ ड्रॅग फ्लिकच्या, म्हणजे स्टिकने ओढून गोलकडे फेकलेल्या बॉलच्या रेषेत असते. त्यासाठी जाड, खोक्यासारखे ग्लोव्ह मिळतात, दोन्ही हातांचे. ते प्रत्येकाने विकत घ्यायची गरज नाही, संघाने मिळून एक-दोन जोड्या घ्याव्यात. मोठ्या मुलाच्या मापाचे घेतले तरी चालतात, कारण ते घालून ड्रिबल करायचं नसतं. पण 29-18-11चं माप त्यांनाही लागू आहे, दुकानात पट्टीने मोजून घ्या. पोरांना हेही सांगून ठेवा की जाड ग्लोव्ह घातला म्हणून हाताने बॉल अडवायचा नाही. स्टिक धरलेल्या हाताला बॉल लागला आणि हात नसता तर तो स्टिकलाच लागला असता, तर तो गुन्हा धरत नाहीत. हात मुद्दाम पुढे केला तर धरतात.

शेल वापरणाऱ्यांनी दर महिन्याला कवच उजेडात धरून बघावं. बारीक तडा दिसला तर चिकटपट्टी लावून मोसम काढू नका. तुटलेल्या कवचाची कड आत बोटाला आणि बाहेर समोरच्या खेळाडूलाही कापते. असा ग्लोव्ह पंचांच्या लक्षात आला तर सामन्याच्या मधोमध काढायला लावतील, आणि मग बदली ग्लोव्ह नसेल तर उरलेला सामना उघड्या हाताने.